दहावी-बारावीचं वर्ष आणि मोबाइलवरचा गेम : घरातलं वेळेचं गणित कसं बसवायचं

नियम करण्याआधी सात दिवस फक्त नोंद करा. या आठवड्यात मुलाला एकदाही टोकू नका आणि फोन काढून घेऊ नका. बहुतेक घरांत भांडण "तू दिवसभर खेळतोस" आणि "मी कुठे खेळतो, अर्धाच तास" या दोन वाक्यांत अडकलेलं असतं. दोघांपैकी कोणीच मोजलेलं नसतं.

नोंद करायला अँड्रॉइड फोनमध्ये सोय असतेच. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. त्यात प्रत्येक ॲपला दिवसाचा किती वेळ गेला ते दिसतं. आयफोनवर हीच माहिती 'स्क्रीन टाइम'मध्ये मिळते. रोज झोपण्याआधी तिथले आकडे वहीत उतरवा, पण नुसती बेरीज पुरत नाही. वहीत चार रकाने आखा : खेळ किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि थांबल्यावर पहिला अर्धा तास काय केलं. शेवटचे दोन रकाने मुलाने किंवा मुलीने स्वतः भरायचे. गेमप्लेचे व्हिडिओ आणि लाइव्ह स्ट्रीम पाहण्याचा वेळ वेगळा लिहा. कित्येकदा खेळण्याइतकाच वेळ दुसऱ्याचा खेळ बघण्यात जातो आणि तो कोणाच्याच हिशेबात नसतो.

आठवडा संपला की वही घेऊन बसा. दोन तास संध्याकाळी सातच्या आत गेले असतील, तर तो एक प्रश्न आहे. तेच दोन तास रात्री साडेदहा ते साडेबारा गेले असतील, तर तो पूर्ण वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे. गुणांवर परिणाम करणाऱ्या गोष्टींत किती वाजता खेळला हे आम्ही किती तास खेळला याच्या वर ठेवतो, आणि पुढचा सगळा आराखडा त्यावरच उभा आहे.

संशोधनातून काय दिसतं

या विषयावर दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोघांच्याही हातात अभ्यासांचे दाखले असतात. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६ ते ९ वर्षांच्या, घरी गेमचं यंत्र नसलेल्या ६४ मुलग्यांचे दोन गट केले. एका गटाला यंत्र लगेच दिलं, दुसऱ्याला चार महिन्यांनी. चार महिन्यांनंतर पहिल्या गटाचे वाचन-लेखनाचे गुण दुसऱ्या गटापेक्षा कमी भरले. शाळेनंतरचा अभ्यासाचा वेळ गेमने खाल्ला, हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. उलट ऑस्ट्रेलियातल्या १५ वर्षांच्या १२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या २०१२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीची आकडेवारी तपासली, तेव्हा नियमित ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचे गणित-विज्ञानाचे गुण किंचित जास्त दिसले आणि रोज समाजमाध्यमांवर असणाऱ्यांचे कमी. दुसऱ्या निष्कर्षावरून गेममुळे गणित सुधारतं असं म्हणता येत नाही. ज्यांना कोडी सोडवायला आवडतात ती मुलं गेमकडेही वळतात, इतकाही त्याचा अर्थ असू शकतो.

घरातल्या निर्णयासाठी यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. गेम मेंदू बिघडवतो की घडवतो हा वाद बाजूला ठेवा आणि तो नेमकं कशाच्या जागी येऊन बसला आहे ते शोधा. पतंग उडवण्याच्या किंवा नुसतं लोळत पडण्याच्या जागी आला असेल, तर गुणपत्रिकेला फारसा धक्का लागत नाही. झोपेच्या, लिहिण्याच्या सरावाच्या किंवा उजळणीच्या जागी आला असेल, तर धक्का बसतोच.

गुण गळतात त्या जागा

सगळ्यात मोठी गळती झोपेची. तेरा ते अठरा वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. सकाळची शाळा असेल आणि सहाला उठायचं असेल, तर दहाला झोपल्याशिवाय आठ तास होत नाहीत. दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. म्हणून रात्री एक वाजेपर्यंत खेळणाऱ्याचा तोटा दुहेरी असतो : आजचा अभ्यास नीट साठत नाही आणि उद्याच्या पहिल्या तीन तासिका डोळ्यांवरून निघून जातात. जर्मनीत २००७ साली ११ शाळकरी मुलांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, संध्याकाळी तासभर संगणकावर गेम खेळल्यावर झोप लागायला जास्त वेळ लागला, गाढ झोप कमी झाली आणि आदल्या दिवशी शिकलेल्या शब्दांची आठवणही घटली. अकरा मुलांवरून मोठा सिद्धान्त मांडता येत नाही, पण रात्री उशिरा खेळणाऱ्या मुलांच्या घरी जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

यात स्क्रीनच्या उजेडापेक्षा सामन्यातली चुरस जास्त नडते. शेवटच्या झोनमध्ये (खेळाचं मैदान आक्रसत जाऊन उरलेल्या भागात), चौघे उरलेले असताना हरल्यावर मूल फोन ठेवतं, पण डोकं ठेवत नाही. "मी डावीकडे गेलो असतो तर" हे अर्धा तास चालू राहतं. म्हणून निळा प्रकाश कमी करणाऱ्या फिल्टरवर विसंबू नका. तो लावून साडेअकराला हरलेला सामनासुद्धा झोप उडवतोच.

दुसरी गळती सामना संपल्यानंतरच्या वीस-तीस मिनिटांत होते. खेळून उठून लगेच पुस्तक उघडलं की डोळे ओळींवरून फिरतात आणि मन अजून मागच्या कामात असतं. मूल खोटं बोलत नसतं. ते खरोखर तासभर पुस्तकासमोर बसलेलं असतं, आणि हाती काही लागलेलं नसतं. यावर उपाय सोपा आहे : खेळ आणि पुस्तक यांच्यामध्ये अंगाला हालवणारं काहीतरी ठेवायचं. जेवण, अंघोळ, दुकानातून दूध आणणं, जिना चढून गच्चीवर जाणं, काहीही चालेल. फक्त त्या मधल्या वेळात फोन हातात नको. सामन्याऐवजी रील्स बघितल्या तर मधला वेळ मधला राहतच नाही.

तिसरी गळती कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबू या. दमलेलं डोकं अभ्यासातलं सर्वांत सोपं काम निवडतं, आणि ते म्हणजे गाइड वाचणं. अधोरेखित करायचं, पुन्हा वाचायचं, "आलं" म्हणायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, आणि दुसऱ्याने पुस्तक मिटून जे आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर न बघता लिहिणारे पुढे गेले. बोर्डाचा पेपर आठवड्याने नव्हे, महिन्यांनी येतो. खेळून आलेला विद्यार्थी वाचण्यावर समाधान मानतो, कारण न बघता लिहिणं जड जातं. त्यामुळे 'चार तास अभ्यास केला' हे खरं असूनही चाचणीत कमी गुण पडतात, आणि घरात सगळे बुचकळ्यात पडतात.

याच्याच जोडीला हाताचा प्रश्न आहे. मराठीचा किंवा इंग्रजीचा ८० गुणांचा पेपर तीन तास लिहायचा असतो. गणित भाग १ आणि भाग २ चे पेपर ४०-४० गुणांचे आणि दोन-दोन तासांचे. सलग लिहिण्याची सवय गेलेल्या मुलाचा हात दीड तासानंतर दुखायला लागतो, अक्षर पसरतं, आणि येत असलेले शेवटचे प्रश्न सुटतात. ही उणीव वाचून भरून निघत नाही.

वेळापत्रक मिनिटांत नको, सामन्यांत मांडा

"अर्धाच तास खेळ" हा नियम रोज मोडतो, कारण खेळ अर्ध्या तासाच्या मापात येत नाही. बीजीएमआय या नेमबाजीच्या गेममध्ये एरँगलच्या नकाशावरचा एक क्लासिक (शेवटचा संघ उरेपर्यंतचा) सामना शेवटपर्यंत टिकलात तर साधारण ३० मिनिटं चालतो. लिविक नकाशावरचा १५ मिनिटांत उरकतो. टीम डेथमॅच, म्हणजे दोन संघांची छोटी झटापट, जास्तीत जास्त १० मिनिटांची, त्याआधी एका संघाचे ४० बळी झाले तर लवकर संपते. त्याच धाटणीच्या फ्री फायर मॅक्सचा मुख्य सामना १० ते १५ मिनिटांचा असतो. यात लॉबीत (सामन्याआधीच्या पडद्यावर) वाट पाहणं, सोबत्यांची जमवाजमव आणि 'थांब रे, चार्जिंग लावून आलो' हे धरून दर सामन्याला पाच मिनिटं जोडा.

आता हिशेब करा. शाळा आणि क्लास असलेल्या दिवशी दहावीच्या विद्यार्थ्याला आम्ही ५० मिनिटांच्या आत बसेल इतका खेळ सुचवतो. त्यात एक एरँगल आणि एक टीम डेथमॅच बसते, किंवा दोन लिविक, किंवा तीन टीम डेथमॅच. यातलं काय घ्यायचं ते मुलाने ठरवावं. रविवारी दोन तास, पण दोन भागांत, सकाळी एक आणि दुपारी एक. ज्या खेळात कुठेही थांबून तिथून पुढे सुरू करता येतं, त्याला मात्र सरळ मिनिटांचा नियम लावला तरी चालतो.

कुठे बसवायचं? सकाळची शाळा आणि संध्याकाळी पाच ते सात क्लास असेल तर दिवस असा बसतो : एकला जेवण, पाऊण तास विश्रांती, अडीच ते चार अवघड विषय, सव्वासात ते आठ-पाच खेळ, मग लगेच जेवण, पावणेनऊ ते पावणेदहा न बघता लिहिण्याची उजळणी, दहाच्या आत झोप. खेळ जेवणाच्या बरोबर आधी ठेवण्यामागे कारण आहे. ताट वाढलेलं असतं, घरचे बसलेले असतात, त्यामुळे 'अजून एक' म्हणायला जागा कमी राहते, आणि जेवणाचा अर्धा तास डोकं निवायला मिळतो. दुपारची शाळा असेल तर क्रम बदला : सकाळी अवघड विषय, शाळेतून आल्यावर खाऊन खेळ, मग बाकीचं. शाळेला निघण्याआधी खेळ ठेवू नका. त्यातून उशीर होतो आणि पहिल्या तासिकेत मन नसतं.

इथे हमखास काय बिघडतं? स्क्वॉड. चारजणांचा संघ रात्री दहानंतरच ऑनलाइन येत असेल, तर संध्याकाळी सात वाजता एकटं खेळण्यात मुलाला काही गोडी नाही. तो सातला खेळतो, आणि दहाला पुन्हा खेळतो. म्हणून उरलेल्या तिघांच्या घरी बोला. चारही घरं मिळून एक वेळ ठरवू शकली, तर एकट्या घराचा नियम टिकतो त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, त्यामागेही हेच आहे. सगळेच बंद असले की कोणी मागे पडल्यासारखं वाटत नाही. तुमची सोसायटी भोंगा लावणार नाही, पण चार पालकांचा व्हॉट्सॲप गट एवढं करू शकतो.

दुसरी अडचण सीझनची, म्हणजे गेममधल्या क्रमवारीच्या ठरावीक काळाची. प्रत्येक सीझनच्या शेवटच्या आठवड्यात मुलं रँक पुश करतात, म्हणजे क्रमवारीत वर चढायला भराभर सामने खेळतात, आणि तेव्हाच तास दुप्पट होतात. सीझन कधी संपतो ते गेममध्येच लिहिलेलं असतं. ती तारीख आणि घटक चाचणीच्या तारखा एकाच दिनदर्शिकेवर लिहून भिंतीला लावा. दोन्ही एका आठवड्यात येत असतील तर पुश आधीच्या रविवारी उरकायचा की त्या सीझनला सोडून द्यायचा, हे पंधरा दिवस आधी शांतपणे ठरतं. आदल्या रात्री ठरवायला गेलं की भांडण होतं.

फोनमधली कुलपं आणि त्यांच्या फटी

डिजिटल वेलबीइंगमध्ये प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा लावता येते. ती लावताना एक चूक जवळजवळ सगळे पालक करतात : नेमकी ५० मिनिटं लावतात. मग एकोणपन्नासाव्या मिनिटाला सुरू असलेला सामना मध्येच तुटतो. रँकच्या सामन्यातून असं बाहेर पडलं की गुण जातात, सोबती चिडतात, आणि मूल कुलूप तोडण्याच्या मागे लागतं. मर्यादा ६५ मिनिटांची लावा, आणि नियम असा ठेवा की ३० मिनिटं झाल्यावर नवा क्लासिक सामना सुरू करायचा नाही. ६५ चा आकडा हा शेवटचा बांध आहे, रोजचं माप नव्हे.

ही मर्यादा ज्याच्या हातात फोन आहे तो स्वतः काढू शकतो, हेही लक्षात घ्या. मुलाचा स्वतंत्र फोन असेल तर गुगलच्या 'फॅमिली लिंक'ने पालकांच्या फोनवरून मर्यादा, झोपेची वेळ आणि नवीन ॲपला परवानगी हे सगळं ठेवता येतं. तरीही फटी उरतातच. काही फोनवर एकाच ॲपची दुसरी प्रत काढता येते, काहींवर दुसरी 'स्पेस' किंवा पाहुण्यांचं खातं उघडता येतं, आणि तिथला वेळ पहिल्या हिशेबात दिसत नाही. महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन या तिन्ही गोष्टी बघा, आणि मुलाच्या देखत बघा. पाठीमागून तपासलं तर पुढची फट शोधायला तो दुप्पट वेळ घालवेल.

कंपनीच्या मर्यादेवर भिस्त ठेवू नका. २०२३ साली बीजीएमआय भारतात परत सुरू झाला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. शाळा-क्लास असलेल्या दिवशी तीन तास हे मुळातच फार होतात, शिवाय पालकांचा क्रमांक आणि वय मुलांनीच भरलं असेल तर ती मर्यादा लागूच होत नाही. सरकारी कुलपांचा अनुभवही फारसा वेगळा नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा बंदी घातली आणि दहा वर्षांनी ती उठवली.

खूप घरांत अडचण उलटी असते : घरात एकच चांगला फोन, तो आईचा किंवा बाबांचा, आणि शाळेचा गृहपाठही त्याच्यावरच येतो. तिथे फॅमिली लिंक गैरसोयीचं ठरतं. अशा घरी साधा उपाय चालतो. गृहपाठाचे फोटो आणि सूचना संध्याकाळी एकदाच वहीत उतरवून घ्यायच्या, किंवा जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून पाच-दहा रुपयांत छापून आणायच्या. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. 'पीडीएफ बघायचीय' हे कारण एकदा संपलं की अर्धं काम होतं.

आणि रात्री फोन कुठे असतो? गजराचं निमित्त करून तो उशाखाली जातो. दीडशे-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा आणि सगळ्यांचे फोन, आईबाबांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. बाबा अंथरुणात रील्स बघत असतील तर मुलाला सांगितलेल्या नियमाला काही वजन राहत नाही.

बोलायचं कसं

सामना चालू असताना फोन हिसकावू नका. बाकी सगळं जमलं नाही तरी एवढं पाळा. त्या क्षणी त्याच्यावर आणखी तिघे अवलंबून असतात. त्यांच्यासमोर झालेला अपमान तो आठवडाभर विसरत नाही, आणि तुम्ही अभ्यासाबद्दल जे सांगाल ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. "बंद कर ते आधी!" या वाक्याऐवजी "अरे, ही मॅच किती उरलीय?" असं विचारा. "दहा मिनिटं" म्हणाला तर दहा मिनिटांनी या. मॅच संपलेली दिसली की तिथेच उभे राहा. लॉबीत परतल्यावर थांबणं त्याला जमतं. झोनमध्ये असताना ते मोठ्या माणसालाही जमणार नाही.

नियम कागदावर लिहा. एका पानापेक्षा जास्त नको : शाळेच्या दिवशी किती सामने, शेवटचा सामना किती वाजेपर्यंत संपलेला असेल, चाचणीच्या आठवड्यात काय, मोडल्यास काय. मोडल्याची शिक्षा लहान आणि लगेच ठेवा. उद्याचा एक सामना कमी, बस. 'महिनाभर फोन बंद' अशी शिक्षा तिसऱ्या दिवशी घरचेच मागे घेतात आणि मग कुठल्याच नियमाला किंमत उरत नाही. कागदावर आई, बाबा आणि मूल तिघांच्या सह्या हव्यात. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही वाचून दाखवा. "जाऊ दे गं, लेकरू दमलंय" म्हणत आजीने दिलेला फोन हा नियम मोडण्याचा नेहमीचा रस्ता आहे, आणि त्यात आजीचा दोष नसतो, तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

गेम किंवा खातं रागाच्या भरात डिलीट करू नका. तीन वर्षं जपलेली आयडी गेली की मूल अभ्यासाकडे वळत नाही, मित्राच्या फोनवर वळतं.

पैशांबद्दल थोडक्यात. यूसी आणि डायमंड ही गेममधली नाणी विकत घेण्यासाठी घरच्या यूपीआयचा पिन मुलाला माहीत नसावा, आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावलेली असावी. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ही वेगळी गोष्ट आहे. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. रमी किंवा पैज लावण्याचं ॲप मुलाच्या फोनवर दिसलं तर वेळापत्रक आखत बसू नका. आधी देणं कोणाचं आणि किती झालंय ते विचारा, आणि ते विचारताना आवाज चढवू नका, नाहीतर खरा आकडा कळणार नाही.

परिणाम दिसतोय का, हे कसं तपासायचं

नियम लागू झाल्यावर तीन आठवडे दर शनिवारी एक पेपर घड्याळ लावून लिहायचा. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांपैकी गणित भाग १ चा ४० गुणांचा, पूर्ण दोन तास. पुढच्या शनिवारी विज्ञान, त्याच्या पुढच्या शनिवारी भाषेचा ८० गुणांचा तीन तासांचा. फोन दुसऱ्या खोलीत. तपासताना गुणांबरोबर तीन गोष्टी वेगळ्या मोजा : येत नव्हतं म्हणून गेलेले गुण, येत असून चुकले म्हणून गेलेले, आणि वेळ संपला म्हणून गेलेले.

पहिल्या प्रकारचे गुण जास्त जात असतील तर अभ्यासच कमी पडतोय, आणि खेळाचे सामने कमी करून त्या जागी तो धडा बसवावा लागेल. दुसऱ्या प्रकारचे जास्त असतील, उदाहरणार्थ वजाबाकीचं चिन्ह विसरलं, एकक लिहिलं नाही, तर आधी झोपेची नोंद बघा. वेळ संपण्याचे गुण जात असतील तर रोज वीस मिनिटं सलग लिहिण्याचा सराव लावा. त्यासाठी खेळ कमी करण्याची गरज बहुधा पडत नाही.

चुकांची वही ठेवायला सांगताना मुलाला त्याच्याच भाषेत सांगा. सामना हरल्यावर तो रिप्ले बघतो, कुठे चुकीच्या जागी उतरलो (ड्रॉप), कोणी मागून मारलं, झोनमध्ये उशिरा का पोचलो हे शोधतो. उत्तरपत्रिकेचा रिप्ले तसाच बघायचा. ज्या मुलाला ही सवय खेळात आहे त्याला ती अभ्यासात आणायला फार दिवस लागत नाहीत, आणि गेमिंगकडून अभ्यासाला मिळू शकणारी ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

परीक्षा जवळ आल्यावर

जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेपासून बोर्डाच्या पहिल्या पेपरपर्यंत खेळ टप्प्याटप्प्याने कमी करा. पूर्वपरीक्षेनंतर शाळेच्या दिवशी रँकचे सामने बंद, फक्त टीम डेथमॅच किंवा एखादा छोटा सामना. शेवटच्या दोन आठवड्यांत रोज वीस मिनिटं, तीही दिवसाउजेडी. एका झटक्यात सगळं बंद केलं तर रिकामा झालेला वेळ रील्स घेतात, आणि त्यांना सामन्यासारखा शेवटही नसतो. परीक्षेच्या काळात गेमचे व्हिडिओ बघणं मात्र पूर्ण बंद ठेवा. त्यातून विरंगुळा कमी आणि खेळायची ओढ जास्त होते.

दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी असते तेव्हा पेपर देऊन आल्यावर एक छोटा सामना खेळायला हरकत नाही. चुकलेल्या उत्तरांची चर्चा फोनवर करत बसण्यापेक्षा तो बरा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी आणि सकाळी खेळ नको.

बारावीला विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचा शेवटचा लेखी पेपर म्हणजे सुट्टी नसते. पीसीएम गटाच्या सीईटीत १८० मिनिटांत १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक-रसायनचे १०० प्रश्न, पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे वेग आणि ताजं डोकं यांना इथे थेट गुण मिळतात. बोर्ड संपल्याच्या रात्री मोकळं सोडलेलं मूल चार दिवसांत पहाटे तीनला झोपायला लागतं आणि सीईटीच्या सकाळच्या सत्रापर्यंत ते घड्याळ परत फिरवायला दहा-बारा दिवस जातात. खेळाचे सामने हवे तर वाढवा, झोपेची वेळ हलवू नका.

कधी डॉक्टरांकडे जायचं

खूप खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'साठी तीन खुणा दिल्या आहेत : खेळण्यावरचा ताबा सुटणं, जेवण-अभ्यास-मित्र या सगळ्यांच्या वर खेळ जाऊन बसणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं किंवा वाढणं. ही स्थिती साधारणपणे १२ महिने दिसावी लागते, लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान होतं. परीक्षेआधीच्या महिन्यात एकाएकी खेळ वाढला असेल तर आधी परीक्षेची भीती आहे का ते विचारा. पुष्कळ मुलं अभ्यास झालेला नाही हे आठवू नये म्हणून खेळतात.

शाळेत जाणं सुटलं, जेवण-अंघोळ टळू लागली, फोन मागितल्यावर वस्तू फेकल्या किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं आलं, तर बारा महिने मोजत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाने स्वतः फोन केला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण तपासणी होते. जाताना पहिल्या आठवड्यापासून ठेवलेली ती चार रकान्यांची वही सोबत न्या. झोप केव्हापासून ढळली आणि खेळ कोणत्या वेळी वाढला, हे डॉक्टरांना तिच्यातून पाच मिनिटांत कळतं.